बोट हॉटेलपेक्षा स्वस्त? मग हिशेबातला कॅप्टन कुठे गेला?

दिवाळी झाली की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. सार असं: कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सला जा, आठ जणांत मिळून शिडाची कॅटमरान (दोन जोडतळांची बोट) भाड्याने घ्या, आठवड्याला डोई हजार डॉलर, हॉटेलपेक्षा स्वस्त. लायसन्स लागत नाही. बेटं समोर दिसतात, चुकायचा प्रश्नच नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात भाडं निम्मं. मासे पकडा, तळा, खा. शेजारी अमेरिकेचं सेंट जॉन आहे, तिकडेही चक्कर मारा. आणि खाली सूर्यास्तात शीड उभारलेल्या बोटीचा फोटो.

धादांत खोटं यात फार थोडं आहे. पण जे गाळलंय, त्यातच सगळी सुट्टी आहे.

"लायसन्स लागत नाही." खरं आहे. ग्रीस किंवा क्रोएशियात प्रमाणपत्राशिवाय बोट ताब्यात देत नाहीत. इथे सरकार ते मागत नाही. पण चार्टर कंपनी, म्हणजे बोट भाड्याने देणारी, मागते तो तुमचा अनुभव, लेखी. किती फुटी बोट चालवलीत, कुठे, सुकाणू तुमच्या हातात होतं की तुम्ही नुसते पाहुणे होता, नांगर टाकून रात्री काढल्यात का. उत्तरं पटली नाहीत तर कंपनी आपला कॅप्टन बसवते आणि त्याचे पैसे तुम्ही भरता. तलावात दोन माणसांची छोटी बोट फिरवलेल्याला पंचेचाळीस फुटी कॅटमरान कोण देईल?

कॅटमरान शिडावर चालवणं तर तुलनेने सोपंच आहे. खरी परीक्षा दुपारी, मूरिंग बोया, म्हणजे बोट बांधायला तळाशी साखळीने पक्का केलेला तरंगता गोळा, पकडताना. वाऱ्याला तोंड करून अगदी हळू पुढे यायचं. बोया जवळ आला की सुकाणूवरच्या माणसाला तो दिसेनासा होतो, कारण बोटीचं नाक मध्ये येतं. त्यामुळे पुढे आकडी घेऊन उभ्या असलेल्याने हाताच्या खुणांनीच सांगायचं. इंजिन आणि वाऱ्याच्या आवाजात ओरडलेलं काही कळत नाही. बोयाच्या दोराचा फास वर ओढला की त्यातून दोन दोर घ्यायचे: डावीकडचा ओवून परत डावीकडेच बांधायचा, उजवीकडचा उजवीकडे. एकच दोर या बाजूने घालून त्या बाजूला बांधला तर बोट रात्रभर डोलताना तो फासात करवतीसारखा मागेपुढे घासतो. मग कुणीतरी मास्क लावून पाण्यात उतरायचं आणि खालची साखळी, कड्या धड आहेत ना ते बघायचं. हे सगळं येणारी दोन माणसं तुमच्या आठांत असतील तर खुशाल स्वतः चालवा. नसतील तर कॅप्टन घ्या, त्यात कमीपणा नाही.

"डोई हजार डॉलर." आता हिशेब. ऐन हंगामात चार खोल्यांच्या चांगल्या कॅटमरानचं नुसतं भाडंच आठवड्याला दहा हजारांच्या वर जातं. त्यात डिझेल नाही, टाकीत पुन्हा भरलेलं पाणी नाही, नुकसानभरपाईचा रोजचा आकार नाही, रोज रात्री बोयाचे पैसे नाहीत. किराणा बहुतेक सगळा जहाजाने येतो, तेव्हा भाव अमेरिकेपेक्षा चढेच. आणि कॅप्टन: दिवसाला अडीचशे-तीनशे डॉलर किंवा जास्तही, जेवण आपलं, वर टिप. शिवाय तो झोपणार कुठे? काही बोटींत पुढच्या टोकाला एक चिंचोळी बर्थ असते, डेकवरच्या झाकणातून आत उतरायचं. ती नसेल तर चारातली एक खोली त्याची. म्हणजे भागायचं आठांनी नाही, सहांनी. करून बघा.

"बेटं समोर दिसतात." सर फ्रान्सिस ड्रेक चॅनेलमध्ये, म्हणजे बेटांमधल्या समुद्राच्या पट्ट्यात, खरंच दिसतात. टॉर्टोला, नॉर्मन, पीटर, कूपर, व्हर्जिन गोर्डा. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर. म्हणूनच नवशिक्यांना इथे पाठवतात. पण अनेगाडा दिसत नाही. ते सपाट प्रवाळबेट, सर्वांत उंच जागा समुद्रापासून आठ-नऊ मीटर. आधी झाडांचे शेंडे दिसतात, जमीन मागाहून. बाजूला हॉर्सशू रीफ ही प्रवाळांची रांग, जिच्यावर आजवर शेकडो जहाजं फुटली. तिकडे जायला कंपनीची परवानगी लागते, आणि ऊन डोक्यावर असताना पोचायचं, म्हणजे पाण्यातला तपकिरी रंग, म्हणजे प्रवाळ, वेळेत दिसतो.

मुंबई बंदरात शीड धरायला शिकलेल्यांसाठी एक खास सूचना, कारण मीही त्यांतलीच. आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात. इथे अमेरिकेची पद्धत आहे: लाल उजवीकडे. हाताला लागलेली सवय इथे बोट थेट खडकावर नेईल.

फोटोतला सूर्यास्तही विसरा. कॅप्टनशिवाय घेतलेली बोट अंधारात चालवायची नाही, हे करारातच असतं. हंगामात बोये दुपारीच भरतात. सूर्यास्ताला तुम्ही जागेवर बांधलेले असता. तोही छान दिसतो.

"ऑगस्ट-सप्टेंबरात निम्मं भाडं." का, ते कुणी विचारत नाही. चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर, आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याचा ऐन जोर. 6 सप्टेंबर 2017 रोजी 'इर्मा' पाचव्या श्रेणीचं वादळ म्हणून या बेटांवरून गेलं. चार्टरच्या बोटी सुरक्षित म्हणून टॉर्टोलाच्या पाराकिटा बे या खाडीत नेऊन बांधल्या होत्या. तिथेच त्या एकमेकींवर चढून रचल्या गेल्या. आपल्याकडे नारळी पौर्णिमेआधी कोळी होड्या लोटत नाहीत, तसंच शहाणपण इथल्या लोकांचंही: सप्टेंबरात किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं, बार बंदच असतात. स्वस्तात जायचं तर मे किंवा जूनची सुरुवात बघा. उलट नाताळात जाणाऱ्यांनी 'ख्रिसमस विंड्स'ची तयारी ठेवावी. पूर्वेचा वारा पंचवीस नॉट्सच्या (ताशी साधारण सेहेचाळीस किलोमीटर) पुढे जातो, आणि व्हर्जिन गोर्डा असते नेमकी वाऱ्याच्या तोंडाला. उत्तरेकडून लाटा आल्या की तिथल्या प्रसिद्ध 'बाथ्स'मध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या प्रचंड खडकांमधल्या पाण्यात, उतरणं धोक्याचं होतं, आणि लाल बावटा लावतात.

"मासे पकडा, खा." परदेशी माणसाला इथे गळ टाकायलाही परवाना लागतो. आणि प्रवाळातल्या मोठ्या माशांत, विशेषतः बॅराकुडात, सिग्वाटेराचं विष असू शकतं. ते शिजवून, तळून, गोठवून जात नाही. थंड वस्तू हाताला पोळल्यासारखी लागते, इथपर्यंत त्रास होतो. तव्यावरच्या माशाचा मोह मलाही आहे, पण अनेगाडाला किनाऱ्यावर, चिरलेल्या तेलाच्या पिंपांवर भाजलेला लॉब्स्टर खावा. दुपारीच सांगून ठेवावा लागतो.

"सेंट जॉनला चक्कर मारा." दिसतं हाकेच्या अंतरावर, पण ती अमेरिकेची हद्द आहे. इकडून रीतसर निघाल्याची नोंद, तिकडे क्रूझ बे या बंदरात इमिग्रेशन, परतताना पुन्हा तेच. अर्धा दिवस गेला. भारतीय पासपोर्टवाल्यांना तर सेंट थॉमस किंवा सान हुआनमार्गे (दोन्ही अमेरिकेच्याच हद्दीत) येतानाच अमेरिकेचा व्हिसा लागतो. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टातला व्हिसाचा स्टँप संपला असेल, तर कॅनडा-मेक्सिकोहून तीस दिवसांत परतण्याची जी सवलत आहे ती या बेटांवरून येताना तुम्हाला मिळत नाही. नवा स्टँप घेतल्याशिवाय विमानात बसू देणार नाहीत. बोटीची आगाऊ रक्कम सहसा परत मिळत नाही, तेव्हा ती भरायच्या आधी सगळ्यांचे पासपोर्ट मागवून तारखा बघा.