आमदार व्हायचंय? आधी संडास बांधा

विधानसभेला वयाची २५ पूर्ण लागतात, ग्रामपंचायतीला २१ पुरतात. मधली चार वर्षं जो साहेबांच्या सभेत सतरंज्या उचलण्यात घालवतो, तो पुढंही सतरंज्याच उचलतो. तेव्हा सुरुवात गावातून करा.

मात्र जपून. लोकप्रतिनिधीची खरी पारख खालच्याच पायरीवर होते. घरपट्टीचं बिल मिळाल्यापासून ३ महिन्यांत भरलं नाही, सदस्यत्व गेलं. घरात संडास हवा, शिवाय तो नियमित वापरायलाही हवा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं, की विषय संपला. बापानं सरकारी जागेवर काढलेली पडवी तुमच्या अंगाशी येते, कारण तुम्ही तिच्यात झोपता. आणि जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज घेऊन जाणारा विरोधी पक्षातला नसतो, भावकीतला असतो.

विधानसभा यातलं काही विचारत नाही. तिथं ना कोणी संडास बघतं, ना पोरं मोजतं. म्हणून पाळणा तेवढा आमदारकीपर्यंत लांबवा.

सरपंच झालात की ग्रामसभा चालवायला शिका, पुढं सगळीकडं उपयोगी पडतं. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं लागतात, यातलं जे कमी असेल ते. सभा ऐन सुगीत सकाळी ११ ला ठेवा. माणसं रानात, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, विषय तेच, पारावर सात जण. सह्यांचं रजिस्टर शिपाई संध्याकाळी घरोघर फिरवतो.

जागा महिला राखीव झाली तर वहिनी सरपंच आणि फ्लेक्सवर फोटो तुमचा. हे सांगायला नकोच.

भाषणात दाखले तयार ठेवा. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. आर. आर. पाटील १९७९ ला जिल्हा परिषदेत गेले, १९९० ला आमदार झाले. मधली ११ वर्षं भाषणात गाळा, कार्यकर्ते तेवढंच मनावर घेतात.

तिकिटाच्या वेळी एबी फॉर्म, म्हणजे तुम्ही पक्षाचे अधिकृत उमेदवार असल्याचा कागद, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत पोचवा. सही शाईचीच हवी. शिक्का किंवा झेरॉक्स चालत नाही, यात भलेभले अपक्ष झालेत. खर्चाची मर्यादा ४० लाख. पंगत मटणाची असली, तरी वहीत चहा आणि वडापाव लिहा.

निवडून आलात? आता गावच्या नव्या सरपंचावर नजर ठेवा. पोरगा हुशार आहे, पुढच्या निवडणुकीपर्यंत २५ चा होईल. त्याच्या घरचा संडास कोणीतरी एकदा बघून या.