ड्रॉप सीच्या तारांबद्दलच्या १ स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद केल्यावर दोनदा वाचला. आज सकाळी काउंटरवरच्या मुलाशी बोललो, बिल काढून पाहिलं आणि मगच लिहायला बसलो. तुमची तक्रार अशी: ड्रॉप सीसाठी (म्हणजे गिटारची सगळ्यात जाड, सहावी तार नेहमीच्या ईवरून सीपर्यंत आणि बाकीच्या थोड्या कमी उतरवून लावण्यासाठी) तारा मागितल्या तर आम्ही १२-५६चा सेट (पहिली, सगळ्यात पातळ तार इंचाच्या १२ हजारांश जाडीची, सहावी ५६ हजारांश) गळ्यात मारला. त्यावर बेंड होत नाहीत (तार बोटाने बाजूला ओढून सूर चढवता येत नाही), बोटं सोलवटली, सहावी तार सुरात राहत नाही. परत आलात तर नट (दांडीच्या टोकाचा, तारा ज्याच्या खाचांतून जातात तो तुकडा) घासायचे वेगळे ५०० रुपये मागितले. आधीच्या ९-४२वर सगळं मजेत चाललं होतं, आणि ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी पातळ तारांवर सी शार्पमध्ये वाजवायचा, मग जाड तारा हव्यात कशाला?

यातल्या दोन गोष्टींत चूक सरळ आमची आहे. एका गोष्टीत मला तुमचं पटत नाही.

पहिली चूक सेटची. ड्रॉप सी ऐकल्याबरोबर मुलाने भिंतीवरचा सगळ्यात जाड सेट काढून दिला. तुम्ही आजवर कुठल्या गेजवर, म्हणजे किती जाडीच्या तारांवर वाजवत होतात हे त्याने विचारलंच नाही. माझे वडील याच काउंटरवर तानपुऱ्यांना तारा चढवत. गिऱ्हाईक दारात आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "पट्टी कोणती?" काळी एकच्या गवयाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार आणि काळी चारला गाणाऱ्या बाईंच्या तानपुऱ्याची खर्जाची तार एका जाडीची असून चालत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला लागलं नाही. त्याच दुकानात गिटारवाल्याला तो प्रश्न नीट विचारला गेला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुमच्या हाताचा हिशोब मांडतो, कारण तुमची बोटं खरंच सांगत होती. तुमची गिटार २५.५ इंच स्केलची आहे, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी तेवढी. ९ची पहिली तार ईमध्ये साधारण ५.९ किलोने ताणलेली असते. १२ची तार डीमध्ये आणली तरी तिचा ताण ८.४ किलोच्या आसपास जातो. वर्षानुवर्षं ९वर बेंड करणाऱ्याला हा फरक असह्य होणारच. ड्रॉप सीची गंमत अशी की वरच्या सुरांच्या पाच तारा एकेक होल स्टेप (दोन फ्रेटांएवढा सूर) उतरतात आणि सहावी एकटी दोन होल स्टेप उतरते. म्हणून वरच्या तारा किंचितच जाड करायच्या आणि खरी भर खाली टाकायची. तुमच्यासाठी १०-५२ पुरला असता. १०ची तार डीमध्ये ५.८ किलोवर बसते, म्हणजे तुमची जुनी पहिली तार जणू तशीच. ५२ची सीमध्ये ६.३ किलो, जुन्या ४२च्या ईमधल्या ६.७च्या अगदी जवळ. ज्याचा हात १०-४६वर बसला आहे त्याला मी ११-५४ देतो. १२-५६ ज्यांना घट्ट तार आवडते आणि जे रिदम जोरात ओढतात त्यांचा सेट आहे. चांगला सेट आहे, पण तुमचा नाही.

दुसरी चूक नटची, आणि ती मला जास्त लागली. तुमच्या नटची खाच ४२च्या तारेसाठी कापलेली होती. त्यात ५६ची तार दाबून बसवली आणि गिटार तुमच्या हातात दिली. अशी तार खाचेत चिमटते. खुंटी पिळली तरी ताण खुंटी आणि नटच्या मध्येच अडकून राहतो, ट्यूनरचा (सूर दाखवणाऱ्या यंत्राचा) काटा हलत नाही. तुम्ही वाजवायला लागलात की मध्येच टक् असा आवाज येतो, तार सरकते आणि सूर एकदम उडतो. "सुरात राहत नाही" म्हणालात ते हेच. खाच तारेपेक्षा केसभर रुंद करायची आणि खोली तेवढीच ठेवायची, एवढंच काम. पण हात खाली गेला तर तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि नट बदलावा लागतो, म्हणून एरवी त्याचे पैसे घेतो. इथे मात्र जाड तार आम्हीच चढवली होती. ते काम तेव्हाच, त्याच मजुरीत व्हायला हवं होतं. तुमच्याकडे ५०० मागायला नको होते.

आता जिथे पटत नाही ते. ९-४२वर ड्रॉप सी मजेत चाललं होतं, हे मी मानत नाही. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाने बदलतो. एक होल स्टेप उतरलात की सुमारे २० टक्के ताण जातो, दोन उतरलात की ३७ टक्के. ४२ची तार सीमध्ये जेमतेम ४.२ किलोवर राहते. आज सकाळी दुकानातल्या गिटारवर तसंच लावून पाहिलं. हळू छेडली तर ट्यूनर सी दाखवतो. पाम म्यूट करून (तळहाताची कड तारांवर टेकवून) जोरात पिक मारला की काटा उजवीकडे, चढ्या सुराकडे उडतो आणि मग खाली येऊन बसतो. पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांवरची रॉकमधली पकड) धरताना बोट जरा जास्त दाबलं गेलं तरी तीच तार वर चढते. एकट्याने खोलीत वाजवताना हे कळत नाही. दुसरा गिटारवाला शेजारी उभा राहिला, किंवा रेकॉर्डिंगला दोन ट्रॅक एकावर एक चढवले, की लगेच कळतं.

आयोमींचं उदाहरण खरं आहे, पण त्यामागचं कारणही पाहा. १९६५ मध्ये कारखान्यातल्या अपघातात त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. ते डावखुरे, म्हणजे तार दाबायचा हात तोच. कृत्रिम टोपणं घालून जाड तारा दाबणं शक्य नव्हतं, म्हणून सुरुवातीला त्यांनी बँजोच्या पातळ तारासुद्धा लावल्या, आणि पुढे गिटार सी शार्पपर्यंत उतरवली. सैल तार ही त्यांच्या हाताची गरज होती आणि तिला सांभाळणारा हात त्यांनी घडवला. तुम्हालाही तो सैलपणा मुद्दाम हवा असेल तर मी अडवणार नाही. त्या ताणावर सेटअप करून देईन, पण पिक हलका ठेवावा लागेल.

१२-५६चे पैसे परत घेऊन जा. १०-५२चा सेट, नट, ट्रस रॉड (दांडीचा बाक सांभाळणारी सळई), इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लावणं) हे सगळं आमच्याकडून, आणि काम मी स्वतः करेन. आजपासून बिलबुकात ट्यूनिंग आणि सध्याचं गेज लिहिल्याशिवाय काम घ्यायचं नाही, असं दुकानात सांगितलं आहे.

फक्त येण्याआधी एक ठरवा. खाच एकदा ५२साठी रुंद केली की उद्या पुन्हा ४२ लावल्यावर ती तार खाचेत सैल बसेल आणि मोकळी वाजवताना झणझणेल. तेव्हा नवा नट लागेल. ही गिटार कायम ड्रॉप सीमध्येच राहणार असेल तर मी निर्धास्त घासतो. ईमध्येही परत आणायची असेल तर तुमचा जुना नट जपून काढून ठेवतो आणि दुसरा बसवतो. येताना तारा उतरवू नका, गिटार ड्रॉप सीमध्येच लावून आणा आणि रोजचा पिक बरोबर असू द्या.