पार्वतीचे कागद आणि माझा ‘एशियन’ चौकोन

पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ मी इकडे इंग्लंडमध्ये थेटरात बघितला, जेमतेम वीसेक लोक होते, आणि संपल्यावर शेजारच्या बाई अगदी मनापासून म्हणाल्या की तुमची भाषा कानाला किती गोड लागते हो. आता कुठली भाषा? सिनेमातल्या मुंबईत नर्स असलेल्या प्रभा आणि अनू आपापसात मल्याळम बोलतात, पार्वतीशी बोलताना प्रभा हिंदीवर येते, तो मल्याळी डॉक्टर तर हिंदीत बिचारा अडखळत असतो, आणि मी स्वतः इकडे आल्यावर पहिलं वर्षभर फोनवर इंग्रजी बोलताना अस्साच घामाघूम व्हायचो. बाईंना ते सगळं एकच ऐकू आलं. त्यांना तरी काय बोलणार, खाली सगळी इंग्रजीच अक्षरं.

तिकडे आमच्या ग्रुपवर तेव्हा वेगळंच चाललेलं. मे २०२४ मध्ये ह्या सिनेमाला कान्सच्या फेस्टिवलमध्ये ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसरं मोठं बक्षीस मिळालं, मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा ३० वर्षांनी गेला, तरी ऑस्करला आपण पाठवला ‘लापता लेडीज’. आणि कारण काय, तर ज्युरीला हा भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटला, असं ऑस्करसाठी आपला सिनेमा निवडणाऱ्या फिल्म फेडरेशनच्या अध्यक्षांनीच सांगितलं. १३ जणांची ज्युरी, सगळे पुरुष. एक मित्र म्हणाला, बरोबरच आहे की, फेस्टिवलवाल्यांसाठी काढलाय, आपली मुंबई अशी नसते. बघितलास का विचारलं तर नाही.

(गंमत म्हणजे पार्वती झालेली छाया कदम दोन्ही सिनेमांत आहे. हिला पाठवा नाहीतर तिला, बाई एकच.)

मला हलवलं ते पार्वतीच्या कागदांनी. हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी विधवा बाई, इतकी वर्षं राहते त्या खोलीचा तिच्या नावावर पुरावाच नाही म्हणून बिल्डर तिला हुसकावतो आणि ती निघते रत्नागिरीकडे. माझ्याकडे व्हिसाच्या कागदांची आख्खी फाइल आहे, एक जरी गहाळ झाला तर पोटात गोळा येतो. पण माझी फाइल भरलेली आहे, तिची नाही, आणि हा फरक कुठल्या फॉर्मात बसवायचा?

ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीने बेस्ट पिक्चरसाठी सर्वसमावेशकतेचे चार निकष केलेत, २०२४ च्या ऑस्करपासून त्यातले दोन तरी पाळावे लागतात. वंश, बाई, अपंगत्व, सगळं आहे, जात नाही. ऑफिसच्या फॉर्मावर मी ‘एशियन’चा चौकोन भरतो की लगेच अल्पसंख्याक होतो, आणि गावाकडे आमच्या घराला आडनावामुळे काय काय आयतं मिळालं ते त्या चौकोनात विरघळून जातं. सोयीचं आहे, खोटं कशाला बोलू.

तक्रार माझीही आहेच. पार्वती कोणत्या जातीची हे सिनेमा कळू देत नाही, आणि शहरातून घालवलं जाताना ते बिनमहत्त्वाचं असतं असं मला वाटत नाही. ‘फँड्री’त हीच छाया कदम जब्याची आई होती, तिथे जात बाजूला ठेवून एक फ्रेम बघता येत नव्हती. पण ही तक्रार सिनेमा बघून केलेली आहे, युरोपियन म्हणून हात झटकणं वेगळं.

बाहेर बसस्टॉपवर बाईंनी विचारलं, प्रभा आणि पार्वतीने त्या बिल्डरच्या होर्डिंगवर दगड का मारले? मी गिरण्यांपासून सुरुवात केली, मग संप, मग टॉवर, मग पागडी म्हणजे काय हे इंग्रजीत सांगायला गेलो तिथे अडकलो आणि तेवढ्यात त्यांची बस आली.