दोन झाडं लांब

परवा रात्री साडेदहाला बिल्डिंगच्या ग्रुपवर आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांनी काढलेला एक व्हिडिओ येऊन पडला. बावन्न सेकंदांचा. त्यात एक दादा चेनसॉने, म्हणजे दातांची साखळी फिरणाऱ्या मशीनच्या करवतीने, फांदी कापतायत, मध्येच कॅमेरा थरथरत मागे वळतो आणि लांब भिंतीपाशी मी आणि माझी दोन कार्टी दिसतो, तिघांच्याही कानांवर हे मोठाले इयरमफ, धाकटा तोंडाचा चंबू करून हात हलवतोय. खाली मजकूर, "माझ्या सूचनेवरून चेनला धार लावून घेण्यात आली. तसेच काही महिला लहान मुलांना अशा धोकादायक ठिकाणी मजा बघायला आणतात, त्यांनी विचार करावा." सकाळपर्यंत सतरा अंगठे. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा. तो म्हणतो चुकून लागला.

झालं एवढंच होतं की कंपाउंडमधलं एक झाड वाऱ्याने अर्धवट मोडून कललं होतं, ते उतरवायला माणसं येणार हे आदल्या दिवशी कळलं आणि मी ते मुलांना सांगून बसले.

आता कबुली देते. मला चेनसॉ आवडतो. लोकांना पाऊस आवडतो, जुनी गाणी आवडतात, मला ते दोरी ओढल्यावर मशीन दोनदा खोकतं, तिसऱ्यांदा चिडतं आणि मग एकदम गळा साफ केल्यासारखं सुरू होतं ना, ते आवडतं. टू-स्ट्रोकचा निळसर धूर आणि ओल्या लाकडाचा वास एकत्र आला की मला जे होतं ते मी कुणाला सांगत नाही. घरी एक आहे माझा, छोटा, बॅटरीवरचा, सगळ्यात वरच्या फळीवर कव्हर घालून, बॅटरी वेगळ्या कपाटात, आणि मुलांनी त्याला हात लावायचा नाही हा आमच्या घरातला एकमेव नियम आहे जो खरंच पाळला जातो. नवऱ्याला मिक्सरचीसुद्धा भीती वाटते, त्यामुळे ही आवड मुलांपर्यंत पोचवायची सगळी जबाबदारी माझ्यावर आलेली आहे.

आणि मी ती मनापासून घेतलीये. रात्री झोपताना इतर मुलं राजाराणी ऐकतात, माझी जोसेफ कॉक्सच्या अळीची गोष्ट मागतात. 1946 साली या लाकूडतोड्याला एका बुंध्यात लाकूड पोखरणारी एक जाडजूड अळी दिसली. लाकूड आडवं असो उभं असो, ती आपली एकदा डावीकडे एकदा उजवीकडे कुरतडत आरामात पुढे. त्यावरून त्याने चेनचे दात बनवले, एक डावा, एक उजवा, नखासारखे वरून वळवलेले, आणि आजसुद्धा बहुतेक चेन त्याच घराण्यातल्या. धाकटा चार वर्षांचा आहे, त्याला गोष्टीतलं फक्त अळी कळतं आणि तो मला चावून दाखवतो, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मोठी सहाची, तिला आकडे लागतात. जर्मनीतल्या आंद्रेआस श्टील या इंजिनियरचा 1929 चा पेट्रोलवरचा चेनसॉ 46 किलोंचा होता आणि उचलायला दोन माणसं लागायची, हे सांगितल्यावर तिने धाकट्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहून बघितलं. दोघं मिळून दहा किलो कमी पडले. त्या दिवशी दोघांनी न सांगता पोटभर जेवण केलं, म्हणजे चेनसॉचे फायदे आहेत, पण हे ग्रुपवर कोण लिहिणार.

असो. तर आम्ही पोचलो तेव्हा काका आधीच तिथे होते.

काका म्हणजे मशीनपासून चार हातांवर, पायात स्लीपर, कानात काही नाही, डोळ्यांवर काही नाही, एका हातात मोबाइल उंच धरलेला आणि दुसऱ्या हाताने त्या कापणाऱ्या दादांना "थोडं डावीकडे, थोडं डावीकडे" अशा खुणा. दादांच्या डोक्यावर हेल्मेट, जाळीचा पडदा, कानांवर मफ, त्यांना ना ऐकू येत होतं ना ते बघत होते. पण चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीचं वरचं टोक कशाला टेकलं तर मशीन उसळून मागे येतं, किकबॅक म्हणतात त्याला, म्हणून तर मुठीच्या पुढे तो ब्रेक असतो. काकांना बहुतेक ब्रेक जन्मजातच नाही. दादांनी मशीन बंद केलं, काकांची नजर आमच्यावर पडली, आणि ते तेवढं सगळं अंतर चालत आले.

"मिस्टर कुठायत तुमचे?"

मला वाटलं नवऱ्याकडे काम असेल. म्हटलं, घरी आहेत, का हो?

"त्यांना माहितीये का, तुम्ही मुलांना इथे आणलंय ते?"

"हो, त्यांनीच मफ शोधून दिले."

"तरी पण. लहान मुलांनी असलं बघू नये. हिंसा आहे ही."

"काका, झाड वाऱ्याने मोडलंय."

"मी झाडाचं म्हणत नाहीये, संस्कारांचं म्हणतोय."

एवढ्यात मोठीने एक कान उघडा केला. "आजोबा, तुम्ही दोन झाडं लांब उभं राहायचं असतं."

"काका म्हण."

"काका आजोबा, झाड जेवढं उंच त्याच्या डबल लांब. आम्ही मोजलं. माझी एकतीस पावलं."

"बाळा, मी चाळीस वर्षं मशिनरीत काढलीयेत." (हे नंतर कळलं, कारखान्यात होते हे खरं, पण हिशेब खात्यात.) मग आवाज एकदम मऊ करून, तिच्यासमोर वाकून, "तुला माहितीये का हे मशीन कशाला शोधलं? बिचाऱ्या झाडांचा जीव घ्यायला."

"नाही," मोठी म्हणाली, "बाळं बाहेर काढायला."

इथे खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण पोरगी खोटी पडेल म्हणून मी खुलासा करायला गेले, की हो, तसं खरं आहे ते, अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडचे दोन डॉक्टर होते, जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री, तेव्हा सिझेरियन म्हणजे बाईच्या जिवाशी खेळ, मग बाळ अडलं तर ओटीपोटाखालचा हाडांचा सांधा कापून वाट मोठी करायची, त्यासाठी त्यांनी दातांची बारीक साखळी वापरली, दोन्ही टोकांना मुठी, हाताने मागेपुढे ओढायची, इंजिन नाही हो काका, इंजिन फार नंतर. आणि "मुठी" म्हणताना मी दोन्ही हातांनी ओढून दाखवलं. शेजारी धाकट्याने लगेच आवाज दिला. खुक्. खुक्. खुर्रर्रर्र.

काकांनी मोबाइल खाली घेतला. बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"मिस्टरांना माहितीये का हे?"

मी म्हटलं, काका, दोन्ही बाळंतपणांना ते बाहेर उभे होते, तुम्हीच विचारा. हे मी मनात म्हटलं. तोंडाने फक्त "हो" म्हणाले. या गोष्टीचा राग मला अजून येतोय.

तेवढ्यात मशीन पुन्हा सुरू झालं आणि काका पुन्हा चार हातांवर जाऊन उभे राहिले. पण आता काहीतरी गडबड होती. दादा जोर लावत होते, काप एका बाजूला वळत होता, थोडा धूरही दिसायला लागला. मोठी माझा कुर्ता ओढायला लागली आणि मशीन थांबल्या थांबल्या ओरडली, "दादा, पावडर येतेय! चेन बोथट झाली!"

तर हे बरोबर होतं. धारदार चेन लाकडाच्या चपट्या ढलप्या फेकते, बोथट झाली की पिठासारखा भुसा पडतो. दादांनी खाली वाकून चिमूटभर भुसा बोटांत चोळून बघितला, मोठीकडे बघून हसले, आणि ओंडक्यावर बसून खिशातून गोल कानस काढली. ती पुढची दहा मिनिटं काय सुंदर होती म्हणून सांगू. एकेका दातावरून कानस आतून बाहेर, एकाच दिशेने, दोन-तीन वेळा, परत येताना उचलून, आधी सगळे डावे दात, मग मशीन फिरवून सगळे उजवे. दात चकाकला की पुढचा. धाकटा चक्क गप्प बसून बघत होता. त्याने आयुष्यात दहा मिनिटं गप्प बसल्याची माझ्याकडे दुसरी नोंद नाही. नंतर मशीन सुरू झालं तेव्हा ढलप्या अशा उडायला लागल्या की मोठीने टाळ्या वाजवल्या, आणि त्या आवाजातसुद्धा मला काका काय ओरडतायत ते ओठांवरून कळलं. "मी मघापासून हेच सांगत होतो."

आता तुम्ही म्हणाल, सोडून दे. मी सोडलंच होतं, तो व्हिडिओ येईपर्यंत. मला राग बोलल्याचा नाहीये, लहान मुलं आणि चेनसॉ हे ऐकून कुणीही दचकेल, मीही दचकेन. पण याच काकांनी धाकट्याच्या वाढदिवसाला प्लास्टिकची बंदूक दिली होती, गोळ्या सुटणारी, आणि "मार मार, काकांना मार" म्हणून छाती पुढे केली होती, तेव्हा हिंसा कुठे गेली होती? आणि गेल्या वर्षी नवरा दोघांना घेऊन तासभर जेसीबी बघत उभा होता, मफ नाही, अंतर नाही, धाकटा खड्ड्याच्या काठावर, तेव्हा हेच काका मला मुद्दाम थांबवून म्हणाले होते, किती छान वेळ देतात हो मुलांना. त्यांना कुणी विचारलं नाही, मिसेसना माहितीये का. सगळ्यात जास्त काळजी घेऊन उभी होते ती मी, आणि व्हिडिओत बेजबाबदार दिसतेय तीही मीच, कारण मफ घातलेली मुलं दिसतात, आणि स्लीपर घातलेला माणूस कॅमेऱ्याच्या मागे असतो.

ग्रुपवर उत्तर चार वेळा लिहिलं. पहिलं फार लांब झालं, दुसऱ्यात अळी आली, तिसऱ्यात एटकिन आणि जेफ्री आले, ते नवऱ्याने हातातून फोन काढून घेऊन पुसलं. शेवटी "धन्यवाद काका" लिहिलं आणि पाठवलंसुद्धा. त्याला एकवीस अंगठे.

बरं, मला वाटलं होतं निदान मुलांच्या डोक्यात तो धार लावण्याचा प्रसंग तरी पक्का बसला असेल. काल संध्याकाळी आतल्या खोलीतून आवाज आला, खुक्, खुक्, खुर्रर्र, म्हणून मी कौतुकाने डोकावले. धाकटा चेनसॉ झाला होता. मोठी बाबाच्या स्लीपर घालून, हातात कंपासपेटी उंच धरून, त्याच्यापासून चार हातांवर उभी होती आणि डावीकडे, डावीकडे अशा खुणा करत होती. मला बघून तिने कंपासपेटी माझ्याकडे वळवली.

"मिस्टर कुठायत तुमचे?"

मी म्हटलं, मलाही घ्या ना खेळायला, मी धार लावणारी होते. तर म्हणे धार लावायचं या खेळात नाहीये. मला झाड केलं. बराच वेळ कलून उभी होते.