सीझन चाळीस मिनिटांचा

कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये मी तीन वर्षं होतो असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या डोक्याकडे बघतो, मग चपलांकडे, आणि मग पावसापाण्याचा विषय काढतो. माझी उंची पाच फूट साडेआठ इंच. आमच्या घराण्यात ही ताडमाड समजली जाते. पंखे पुसणं आणि माळ्यावरची पितळी पातेली उतरवणं या कामांवर माझी नेमणूक आठवीतच झाली होती. बास्केटबॉलमध्ये मात्र एवढ्या उंचीच्या मुलाला गार्ड करतात. आणि बारा जणांच्या टीममध्ये तो बारावा असेल, तर पाण्याच्या बाटल्यांचा गार्ड.

गोष्ट १९९८ च्या उन्हाळ्याची, पुण्यातली. शेवटचा पेपर देऊन बाहेर पडलो तर सर जिमखान्याच्या पायरीवर उभे. गळ्यात शिट्टी. ‘‘आता ऑफ सीझन,’’ ते म्हणाले. तोवर आम्ही त्या काळाला सुट्टी म्हणत होतो.

ऑफ सीझन म्हणजे सीझन नसलेला काळ, एवढं इंग्रजी मलाही येत होतं. पण आमचा सीझन तरी केवढा? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची. हरलात की पिशव्या उचला. आदल्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत पिशव्या उचलल्या होत्या, त्याच्या आदल्या वर्षीही. मॅच चाळीस मिनिटांची. तेव्हा वीस-वीसचे दोन हाफ असत. म्हणजे वर्षातली ४० मिनिटं सीझन, आणि उरलेले ३६४ दिवस २३ तास २० मिनिटं ऑफ सीझन. अमेरिकेतल्या कॉलेज टीम एका हंगामात तीसेक मॅच खेळतात, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांना अंगाची डागडुजी करावी लागते. आमची अंगं करकरीत कोरी होती.

तसा हा खेळ जन्मालाच आला तो ऑफ सीझनमध्ये. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला, वायएमसीएच्या शाळेत, जेम्स नाइस्मिथ नावाच्या मास्तरांपुढे कंटाळलेली पोरं बसली होती. बाहेर थंडी, फुटबॉल संपलेला, बेसबॉलला अवकाश. मास्तरांनी व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला पीच ठेवायच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि पोरांना कामाला लावलं. कठडा दहा फुटांवर होता म्हणून टोपली दहा फुटांवर. रिंग आजही तिथंच आहे, ३.०५ मीटरवर. तो कठडा सात फुटांवर असता तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. पण माझं खरं दुखणं हे नाही. थंडी वाजते म्हणून छपराखाली खेळायला काढलेला खेळ, आणि आम्ही तो मे महिन्यात पुण्यात उघड्या सिमेंटवर खेळत होतो.

पहाटे साडेपाचला पर्वती. पायऱ्या १०३, फेऱ्या दहा. पहिल्या दोन फेऱ्यांत आम्ही एकमेकांची टिंगल करायचो, पाचव्याला देवाचं नाव, आठव्याला सरांचं. पर्वतीवरचे आजोबा लोक आम्हाला सहज मागे टाकत. त्यातले एक तर मे महिन्यातही कानटोपी घालून येत. त्यांनी एकदा मला कठड्याला धरून वाकलेला पाहिलं.

‘‘पोलीस भरती का?’’

‘‘नाही आजोबा, बास्केटबॉल.’’

‘‘म्हणजे तो हातानं खेळतात तोच ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग पाय कशाला शिणवताय?’’

तीन वर्षांत याहून मुद्द्याचा प्रश्न मला कुणी विचारला नाही. मी तो सरांपुढे ठेवला. त्या दिवशी अकरावी फेरी झाली.

संध्याकाळी कोर्ट. सिमेंटला गेलेल्या तड्यांतून गवत, बोर्ड प्लायवूडचे, जाळी नाही. जाळी नसली की बॉल रिंगमधून गेला की बाजूनं गेला यावर निम्मा वेळ वाद चालतो, आणि वादात आमची टीम विद्यापीठात पहिली आली असती. थ्री-पॉइंटची रेघ शिपाईमामा चुन्यानं मारत. तेव्हा नियमानं ती ६.२५ मीटरवर असायची. आमची मामांच्या तब्येतीप्रमाणे पुढेमागे व्हायची. दोन रिंगांपैकी पूर्वेकडची, कुठल्याशा जुन्या बॅचनं लटकून लटकून, पुढच्या बाजूला चार बोटं खाली आलेली. मी कायम तिथंच सराव करायचो. त्या रिंगवर माझा बॉल पडायचा. पश्चिमेची रिंग मला मानवत नाही, असं मी म्हणायचो.

पुण्यात त्या वेळी चांगली कोर्टं नव्हती असं नाही. याच शहरानं पुढे शिरीन लिमयेसारखी भारताची कर्णधार दिली. मी फक्त आमच्या कोर्टाबद्दल बोलतोय.

सर दमले की बोलायचे, आणि आम्ही दमलो की जास्त बोलायचे. १९८० साली मॉस्कोच्या ऑलिंपिकमध्ये भारताची बास्केटबॉल टीम खेळली होती, हा त्यांचा आवडता अध्याय. ‘‘ऑलिंपिक! आपली पोरं!’’ एकदा आमच्यातल्या एका चिकित्सकानं वाचनालयात बसून शोध लावला, की त्या वर्षी अमेरिकेसकट बऱ्याच देशांनी बहिष्कार टाकला होता, म्हणून आपला नंबर लागला. आणि आपण सगळ्या मॅच हरलो. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘तरी तिथं उभं राहायला बारा जण तयार होते ना? सुसाईड, दहा.’’

या सुसाईडवरून घरी काय झालं तेही सांगतो. बेसलाइनवरून फ्री-थ्रोच्या रेघेपर्यंत पळत जाऊन परत, मग मधल्या रेघेपर्यंत जाऊन परत, मग पलीकडच्या फ्री-थ्रोपर्यंत, मग थेट टोकापर्यंत आणि परत, या प्रकाराला सगळे खेळाडू सुसाईड म्हणतात. मी घरच्या फोनवरून मित्राला सांगत होतो, ‘‘आज दहाच केल्या रे, उद्या पंधरा करायच्यात, सरांनी सांगितलंय.’’ मागे आई उभी. आईनं फोन माझ्या हातातून घेतला, खाली ठेवला, आणि माझ्या आवडीचा साबुदाणा वडा केला. दोन दिवस घरात कुणी मला एक शब्द वावगं बोललं नाही. तिसऱ्या दिवशी खरं कळल्यावर सगळी थकबाकी वसूल झाली.

पण खरा कहर केला तो डाव्या हातानं. ‘‘तुझा डावा हात मुका आहे,’’ सर मला म्हणाले. ‘‘समोरच्याला एका मिनिटात कळतं की तू उजवीकडूनच जाणार. महिनाभर सगळं डाव्यानं कर. दात घास, कुलूप उघड, जेव.’’ दात घासताना हिरड्या सोलल्या, ते ठीक. कुलपाचं मात्र, किल्ली आत मोडल्यामुळे, शेजाऱ्यांनाही कळलं. पण जेवण? आमच्या घरी आजी होती. पहिल्या दिवशी मी डाव्या हातानं वरणभाताचा घास घेतला तेव्हा तिनं फक्त डोळे मिटले. चतुर्थीला मात्र तिनं उकडीचा मोदक पुढे केला आणि मी सवयीनं डावा हात पुढे केला. एका महिन्यात सवय लागली होती, हे सरांचं यश म्हणायला हवं. आजीनं मोदक परत घेतला. ‘‘तुझ्या सरांचा पत्ता दे,’’ म्हणाली. मी दिला नाही. त्या दोघांची मॅच झाली असती तर सर चाळीस मिनिटं टिकले नसते.

आहाराचा एक कागदही त्यांनी दिला होता. अंडी सहा, उकडलेली. आमच्या स्वयंपाकघरात अंडं हा शब्दही दार लावून उच्चारत. आईनं सहा अंड्यांच्या बदल्यात मूठभर भिजवलेले हरभरे आणि गूळ-शेंगदाणे असा हिशोब बसवला, आणि आमरस ‘फळच आहे ते’ म्हणून वर दोन वाट्या. कागदावर सगळ्यात खाली लाल शाईनं लिहिलं होतं: गोड बंद.

नेमकं मे महिन्यात मामेभावाचं लग्न. मी वरपक्षाकडून पंगतीला बसलो. समोरच्या रांगेत वधूपक्षाकडून, कुर्ता घातलेले, गळ्यात शिट्टी नसलेले सर. ते तिच्याकडून लांबचे काका लागत होते. आमची नजरानजर झाली तेव्हा माझ्या पानात चार जिलब्या होत्या. त्यांनी त्या मोजल्या, मला दिसलं. मग मी त्यांच्या मोजल्या. सहा. आम्ही दोघांनीही मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली आणि वेगवेगळ्या दिशांना बघितलं. दुसऱ्या दिवशी पर्वतीच्या फेऱ्या दहाच्या चौदा झाल्या. वरच्या चार कशाच्या, ते मी टीमला सांगितलं नाही.

जूनमध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या फायनलमध्ये मायकेल जॉर्डननं युटाविरुद्ध ५.२ सेकंद उरले असताना तो शेवटचा बॉल टाकला आणि शिकागोनं ८७-८६ असं विजेतेपद घेतलं. त्यानंतर आमच्याकडे कुणीही सरळ बॉल टाकेना. प्रत्येक जण पाच-चार-तीन मोजत मागे झुकायचा. आठवड्याभरात शेजारच्या बंगल्यात तीन बॉल जमा झाले.

त्याच सुमारास अकरावीचे प्रवेश सुरू झाले आणि सरांनी मला फॉर्मच्या खिडकीपाशी उभं केलं. खिडकीशेजारच्या भिंतीवर खडूची खूण होती, सहा फुटांवर. जो त्याच्या वर जाईल त्याला गोड बोलून जिमखान्यात आणायचं. सीनियरचे प्रवेश सुरू झाल्यावर मला लंब्या सापडला. सहा फूट तीन इंच, सातारा जिल्ह्यातून आलेला, हातात ट्रंक. ‘‘बास्केटबॉल खेळलायस?’’ म्हटलं तर म्हणाला, ‘‘बघितलाय, लांबून.’’ बॉल अंगावर आला की तो डोळे मिटायचा. आठ आठवड्यांत तो पहिल्या पाचात गेला. मी ३०० फेऱ्या पर्वती चढून, महिनाभर डाव्या हातानं जेवून बारावाच. मी चिडलो होतो का? हो. पण त्याच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि खर्डा असायचा, आणि तो आधी मला विचारायचा. तेव्हा फार चिडता आलं नाही.

पावसाळा गोणपाटानं कोर्ट पुसण्यात गेला. मग मॅच आली.

दुसऱ्या कॉलेजचं कोर्ट, काचेचे बोर्ड, पांढऱ्याशुभ्र जाळ्या. दोन मिनिटं दहा सेकंद उरली असताना आम्ही नऊ पॉइंटनी मागे होतो आणि लंब्याचा पाचवा फाउल झाला, म्हणजे तो मॅचमधून बाहेर. सरांनी बेंचवर उजवीकडून डावीकडे बघितलं. मधले सगळे आधीच वापरून झाले होते. ‘‘जा,’’ ते म्हणाले. मी हातातली पाण्याची बाटली घेऊनच आत गेलो. रेफरीनं ती परत पाठवली.

मग बॉल माझ्याकडे आला. समोरचा माझ्या उजवीकडे झुकला, त्याला वाटलं मी तिकडूनच जाणार. मी डावीकडून गेलो. एक ड्रिबल, दोन, आणि तो मागे राहिला. रिंगखाली मी एकटा. बेंचवर सर उभे राहिलेले मला दिसले. मी उडालो, नेहमीसारखा, अगदी नेहमीच्या अंदाजानं बॉल सोडला, आणि तो रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत माझ्याच कपाळावर आला.

त्यांची रिंग सरळ होती. चार बोटं खाली आलेली नव्हती.

अकरा पॉइंटनी हरलो. परत येताना सरांनी सगळ्यांना वडापाव घेतला, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. लंब्याच्या आयुष्यातली ती पहिलीच मॅच. दुसरा वडापाव संपवून त्यानं हात पॅन्टला पुसले आणि मनापासून विचारलं, ‘‘सर, पुढची मॅच कधी?’’

आम्ही अकराही जण चावायचे थांबलो. सरांनी मिरचीचा देठ बाजूला ठेवला.

‘‘परवा पहाटे साडेपाच,’’ ते म्हणाले. ‘‘पर्वतीच्या पायथ्याशी.’’