उंच जागा धरली की लढाई जिंकली?

चिनी युद्धकलेचं सार म्हणून एक मजकूर पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतो: उंचावरचा जिंकतो, नदी पाठीशी असलेला मरतो आणि डोंगरांनी वेढलेलं सिच्वान कुणालाच घेता आलं नाही. खाली प्राचीन चिनी युद्धशास्त्रकार सुन त्झूचं नाव. तिन्ही दावे खोटे आहेत. सुन त्झूने तर भूप्रदेशाला सैन्याचा मदतनीस म्हटलंय. निकालाची जबाबदारी त्याने सेनापतीवरच टाकली आहे.

आधी उंचीचं बघू. इ.स. 228 मध्ये जिएटिंगला शू राज्याचा सेनापती मा सू पाणी सोडून डोंगरावर जाऊन बसला. हाताखालच्या वांग पिंगने परोपरीने समजावलं, पण व्यर्थ. शत्रुराज्य वेईच्या झांग हेने खालीच पाण्याची वाट तोडली आणि मग तहानलेल्या सैन्याचा धुव्वा उडवला. याउलट दियाओयूचा डोंगरी किल्ला मंगोलांपुढे 1279 पर्यंत टिकला. तिथे माथ्यावरच पाणी होतं, शेती होती.

आता नदी. इ.स.पू. 204 मध्ये जिंगशिंगच्या खिंडीपाशी झाओ राज्याविरुद्ध लढताना हान राज्याचा सेनापती हान शिन याने दहा हजार माणसं मुद्दाम नदीकडे पाठ करून उभी केली. झाओचं सैन्य हसलं. त्यांचा सेनापती चेन यू याला आधीच सल्ला मिळाला होता की खिंडीत दोन गाड्या शेजारून जात नाहीत, तिथेच हान सैन्याची रसद कापा. त्याने तो झिडकारला. लढाई जुंपल्यावर हान शिनने माघारीचं सोंग केलं, नगारे-निशाणं टाकून दिली. ती लुटायला झाओची छावणी रिकामी झाली. आडवाटेने आधीच डोंगरात दडवलेले दोन हजार स्वार आत घुसले आणि त्यांनी तिथे हानचे लाल झेंडे लावले. इकडे पळायला जागा नसलेले सैनिक हटेनात. परत फिरलेल्या झाओच्या सैन्याला छावणीवर लाल झेंडे दिसले आणि त्यांची दाणादाण उडाली. नदी तीच, खिंड तीच. चेन यूने सल्ला ऐकला असता तर हान शिन खिंडीतच अडकला असता.

राहिलं सिच्वान. ते छिन राज्याने इ.स.पू. 316 मध्येच घेतलं होतं. इ.स. 263 मध्ये तिथल्या शू राज्याच्या जियांग वेईने जिआनगेची खिंड घट्ट धरली होती, पण वेईच्या देंग आयने निर्मनुष्य डोंगरांतून वाट कोरत, स्वतःला घोंगडीत गुंडाळून कड्यावरून घरंगळत, सैन्य मागच्या बाजूला उतरवलं. शूची राजधानी छंगदू शरण गेली. खिंडीवरच्या, न हरलेल्या सैनिकांना शस्त्रं टाकायचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी संतापाने तलवारी दगडांवर आपटल्या.