शांत सकाळ घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला यावी

गेलं वर्षभर मी पहाटे साडेपाचला उठतोय. उठल्यावर तासभर मोबाइलला हात लावत नाही. तांब्यातलं पाणी बसून घोट घोट पितो, गॅलरीत चटई टाकतो आणि वीस मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देतो. याचा मला मनापासून फायदा झालाय. डोंबिवलीहून रोज लोकलने जायचं म्हणजे पूर्वी स्टेशन यायच्या आधीच डोकं तापलेलं असायचं. आता तसं होत नाही.

जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात शरीरातलं कॉर्टिसॉल हे हार्मोन आपसूक वाढतं. दिवसाच्या कामाला लागायची ती शरीराचीच तयारी असते. नेमक्या त्याच वेळी ऑफिसच्या ग्रुपवरचे मेसेज वाचायला घेतले की अंथरुणातच मन पळायला लागतं. म्हणून सकाळी फोन लांब ठेवा, हे मी भेटेल त्याला सांगतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावरची गोष्ट. नेहमीसारखा डोळे मिटून बसलो होतो, कानावर येतील ते आवाज नुसते ऐकत होतो. कुकरची शिट्टी. पोळपाटावर फिरणारं लाटणं. नळाखाली सरकवलेली बादली. मग, "अरे ऊठ, रिक्षावाले काका येतील!" हे सगळे आवाज एकाच माणसाचे होते. माझी बायको माझ्याही आधी, पाचला उठली होती. तीही नोकरी करते. मला मिळणारी शांतता तिच्या धावपळीवर उभी होती आणि हे मला वर्षभर ऐकू येत असूनही कळलं नव्हतं. त्या दिवशी वीस मिनिटं पुरी न करताच उठलो.

केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ९७, असं दिसलं होतं. हा आकडा मी पूर्वी वाचला होता. तो आपल्याच स्वयंपाकघरातला आहे, हे मात्र त्या सकाळी उमगलं.

मला आजी आठवली. तिची पहाट जात्यावर उजाडायची. हात दळत असायचे आणि तोंडात ओवी. माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल, सासूचा जाच, जे मनात असेल ते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, एवढं त्या पहाटेत साठलेलं होतं. दळणाचे कष्ट फार होते, त्यांचे गोडवे मला गायचे नाहीत. पण स्वतःशी बोलायची तेवढी एक जागा तिला होती. गिरणी आली, जातं सुटलं. बाईच्या पहाटेचं काम काही सुटलं नाही, ओवी मात्र गेली.

आता आमच्याकडे सोमवार, बुधवार, शुक्रवार डबा माझा. रात्रीच भाजी निवडून, चिरून ठेवतो, मुलाचं दप्तर तोच भरतो, गणवेश खुर्चीवर काढून ठेवतो. गजराचं साधं घड्याळ आणलं, सगळे फोन रात्री हॉलमध्ये. घडीची पोळी जमायला मला दीड महिना लागला, तोवर मुलाने फुलके नेले. माझं डोळे मिटून बसणं त्या तीन दिवशी होत नाही. कणीक मळताना मन तिथेच ठेवायचा प्रयत्न करतो, आणि खरं सांगतो, ते जमतं.

घरात ध्यानधारणा सुरू करणाऱ्या प्रत्येक मित्राला माझं कळकळीचं सांगणं आहे: आपण बसलेलो असताना घरात कोण उभं आहे, ते आधी बघा.

बायको ध्यान वगैरे करत नाही. ती चहाचा कप घेऊन गॅलरीत बसते, एवढंच. पहिल्या दिवशी म्हणाली, "सकाळचा चहा गरम असताना शेवटचा कधी प्यायले, आठवत नाही."

परवा ती आत आली ती एकदम खुलून. समोरच्या शेवग्यावर रोज भारद्वाज येतो म्हणाली, तुला माहीत होतं?

मी तो वर्षभर बघत होतो.